वाचकांचे प्रश्न : बिली हॉलिडेवर बंदी नेमकी कशाची होती?

प्रश्न : जॅझ गायिका बिली हॉलिडे हिला तुरुंगवासानंतर न्यूयॉर्कमध्ये गाण्याची बंदी होती, असे वाचनात आले. मात्र सुटकेनंतर लगेचच त्याच शहरातील कार्नेगी हॉलमध्ये तिची मैफल झाल्याचेही सांगतात. यांतले खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे आहे. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत असा नियम होता, की जेथे दारू विकली जाते अशा क्लबात काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो वाढपी असो वा वादक, पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन ओळखपत्र घ्यावे. या ओळखपत्राला ‘कॅबरे कार्ड’ म्हणत आणि ते देणे, न देणे किंवा काढून घेणे पोलिसांच्या मर्जीवर असे. मे १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बिलीला एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. वेस्ट व्हर्जिनियातील ऑल्डरसन येथील तुरुंगातून ती १६ मार्च १९४८ रोजी, मुदतीपूर्वीच, सुटली. पण तिचे कार्ड गेले ते गेलेच. कार्नेगी हॉल हे मैफलींचे सभागृह असल्याने तेथे या कार्डाची गरज नव्हती, म्हणून २७ मार्चला ती तेथे भरगच्च गर्दीपुढे गाऊ शकली.

कागदावर ही बंदी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात त्या काळच्या जॅझ कलावंताचे पोट क्लबांवर चाले. तेथे आठवडेच्या आठवडे रोज रात्रीचे काम मिळे, तर मोठ्या सभागृहातील मैफल ही क्वचितची गोष्ट. ज्या शहरात तिचे नाव झाले, त्याच शहरातील रोजचे काम बंद झाल्यामुळे उरलेली सारी वर्षे तिला गावोगावी फिरून गावे लागले. शिक्षा भोगून आलेल्या माणसाचा रोजगार पोलिसांनी असा हिरावून घ्यावा, हे न्यायाला धरून होते असे आम्हांला वाटत नाही. पियानोवादक थेलोनियस मंक यालाही १९५१ नंतर अनेक वर्षे हेच सोसावे लागले.

प्रश्न : रीतसर शिक्षण नाही, आवाजाची पट्टी जेमतेम, तरीही तिला एवढी मोठी गायिका का मानतात?

उत्तर : फिलाडेल्फियात ७ एप्रिल १९१५ रोजी जन्मलेली आणि बाल्टिमोरमध्ये वाढलेली ही मुलगी ब्लूज गायिका बेसी स्मिथ व जॅझ ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत घडली. तिचा आवाज सप्तकाच्या फारसा पलीकडे जात नसे, हे खरेच. तिची करामत लयीत होती. वाद्यवृंद ठोक्यावर चालत असताना ती शब्द किंचित मागे ठेवी, मध्येच घाईने दोन-तीन शब्द एकत्र टाकी आणि तरीही नेमक्या जागी येऊन मिळे. ठुमरी ऐकणाऱ्या कानांना ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही. पियानोवादक टेडी विल्सन याच्या छोट्या वाद्यवृंदासोबत १९३५ पासून तिने जी गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांतली कित्येक शब्द-चालीने अगदी सामान्य आहेत, पण मूळ चाल हवी तशी वाकवून ती त्यांना नवेच रूप देते. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग त्या गाण्यांत तिच्या मागून जे वाजवतो, त्याला साथ म्हणणेही अपुरे आहे. तिला ‘लेडी डे’ हे नाव त्यानेच दिले.

शेवटच्या वर्षांत व्यसनाने आवाज पार खरवडून निघाला होता. १९५८ मधील ‘लेडी इन सॅटिन’ ही ध्वनिमुद्रिका काहींना तिचे सर्वोच्च काम वाटते. आम्हांला ती ऐकताना गाण्यापेक्षा गाणारीची दया अधिक येते. १७ जुलै १९५९ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या रुग्णालयात ती गेली, तेव्हा त्याच खाटेवर पोलिसांनी तिला अटक केलेली होती. नव्या श्रोत्याने आधी १९३७ची गाणी ऐकावीत आणि मग १९५७ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील ‘फाइन अँड मेलो’ पाहावे. त्यात आजारी लेस्टर यंग उभा राहून मोजकेच सूर वाजवतो आणि त्याच्याकडे पाहणारी बिलीही दिसते.