"मॅडम, मुलं गोष्टीला बसतच नाहीत"

अंगणवाडी सेविका विचारतात, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आया विचारतात, आजोबा तर नातवाला समोर बसवूनच विचारतात, "हा दोन मिनिटं एका जागी बसून गोष्ट ऐकत नाही. काही प्रॉब्लेम आहे का?" हा प्रश्न इतक्यांदा आला, की एकदा नीट लिहायचं ठरवलं. त्यासाठी गोष्टी सांगणाऱ्या एका ताईचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती गंगापूर रोडच्या बाजूच्या एका वाचनालयात दर शनिवारी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गोष्ट सांगायची. माझ्याकडे आली ती हे काम सोडायचं ठरवूनच.

"मी आवाज काढते, हातवारे करते. तरी एक लोळतो, एक खिडकीत चढते. एक मुलगा तर सगळा वेळ कपाटांमागे फिरतो. मागे आया बसलेल्या असतात, मॅडम. मला तिथेच रडू येतं."

"मुलांमुळे की आयांमुळे?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आयांमुळे."

पहिल्या भेटी या एका उत्तरावरच गेल्या. चुळबुळणारं प्रत्येक मूल म्हणजे आपण नापास, असा हिशोब तिने मनात पक्का केला होता. मी तो खोडायला गेले नाही. खोडून तो जात नसतो. एके दिवशी सहज विचारलं, "तो कपाटामागचा मुलगा ऐकत नाही, हे कशावरून?"

"पाठ असते ना माझ्याकडे."

"कधी काही बोललाय?"

"बोलला की, उलटच बोलला. मी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगत होते. चुकून वाघाच्या आधी अस्वल घेतलं, तर मागून ओरडला, 'आधी वाघ!' सगळ्यांसमोर मला..."

वाक्य तिथेच राहिलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, तो हात थांबला. "म्हणजे त्याला अख्खी गोष्ट पाठ होती?"

मी काहीच बोलले नाही. त्या क्षणी बोलले असते, तर तो शोध माझा झाला असता. तो तिचा राहिला, याचं मला आजही समाधान वाटतं.

मी बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या वाटेने जाणारी. गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, त्यात ताराबाईही होत्या. मुलाची हालचाल ही खोडी नव्हे, तो त्याचा शिकण्याचा मार्ग आहे, हे मी त्यांच्याकडून घेतलं. आपल्या नाशिकला १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकं म्हटली की 'शांतता राखा' हे आपल्या अंगात मुरलेलं असणारच. पण ती पाटी मोठ्यांसाठी आहे. तीन वर्षांचं मूल पाय हलवत, लोळत, पाठ फिरवूनही ऐकतं.

ताईने मग काम सोडलं नाही, पद्धत बदलली. तीच गोष्ट सलग तीन शनिवार सांगायला लागली. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना मात्र पुढचं ठाऊक असण्यातच मजा वाटते. "चल रे भोपळ्या" एवढं म्हणून ती थांबते, "टुणुक टुणुक" मुलांचं, उड्यांसकट. चित्रांचं पुस्तक गालाजवळ, पानं मुलांकडे. खिडकीला पाठ करून बसत नाही, कारण उजेड मागून आला की मुलांना तिचा चेहराच दिसत नाही. आयांनी मागे न बसता मुलांसोबत सतरंजीवर बसायचं, मोबाइल पर्समध्ये.

आणि प्रश्न. "वाघाचा रंग कोणता?" विचारलं की परीक्षा सुरू होते. "म्हातारीला आता कोण भेटेल?" असं विचारून मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं, उत्तर आपल्याच तोंडातून निसटतं. तिने हे विचारलं तेव्हा एक चिमुरडी म्हणाली, "बिबट्या! आमच्या मळ्यात येतो." त्या दिवशी म्हातारीला बिबट्या भेटला. मूल एक शब्द बोललं, की आपण त्याचं वाक्य करून द्यावं: "हो, उसातून बिबट्या आला!" अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये, दोन-अडीच वर्षांच्या मुलांसोबत पुस्तक वाचताना असे मोकळे प्रश्न विचारायला पालकांना शिकवलं होतं. चार आठवड्यांत ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली.

शेवटी तात्पर्य विचारू नका, ही माझी हात जोडून विनंती. गोष्ट संपली, की मुलांना पुस्तक हातात घेऊ द्या.

आता ज्यांचं मूल खरंच वेगळं वाटतं, त्यांच्यासाठी. फिरत राहणं ही काळजीची खूण नाही. मात्र मागून हाक मारल्यावर मूल वळत नसेल, दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी बोलत असलेलं बोलेनासं झालं असेल, तर "मोठं झाल्यावर बोलेल" म्हणून थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्या काळातही शनिवारची गोष्ट चुकवू नका.