गाण्याची कंपनी आणि देशाचं राजकारण

प्रश्न: माझी मुलगी बारावीला आहे, बीटीएस या कोरियन गायक पोरांच्या बँडच्या नादानं मोबाईलवर आपली आपणच कोरियन शिकतेय. ती म्हणते त्या पोरांना सरकारनं डिप्लोमॅटिक पासपोर्ट दिले होते. खरंय का? आणि गाण्याबजावण्याच्या कंपन्यांनी धंदा सोडून देशादेशांच्या राजकारणात कशाला पडायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, लेक बरोबर सांगतेय. 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी सातही जणांना खास दूत नेमलं, पासपोर्ट दिले, वर एकेक फाउंटन पेन दिलं, आणि मग ते न्यूयॉर्कला युनोत जाऊन बोलले.

पण धंदा सोडून कुणी पडत नाही हो, धंद्यासाठीच पडतात. कोरियातल्या सीजे या मनोरंजन कंपनीचंच बघा, मूळची साखरेची कंपनी, 1953 सालची (सांगलीकरांना साखरेचं काय वेगळं सांगायचं). 1995 मध्ये त्यांनी स्पीलबर्ग आणि मंडळींच्या नव्या ड्रीमवर्क्स स्टुडिओत 30 कोटी डॉलर घातले, बदल्यात जपान सोडून आशियातले वितरणाचे हक्क घेतले आणि हॉलिवूडमध्ये काम कसं चालतं ते आतून बघून घेतलं. 2012 पासून अमेरिकेत केकॉन नावाचा मेळा सुरू केला, रात्री गाणी आणि दिवसा स्टॉल, तिथं छोट्या कोरियन कंपन्यांची क्रीम, फेसमास्क, खाण्याचे पदार्थ, म्हणजे गाणं ऐकायला आलेली पोरगी जाताना फेसमास्कची पाकिटं पिशवीत टाकून जाते. दूतावासाच्या कार्यक्रमाला हे जमत नाही.

आता दुसरी बाजू, मला हीच जास्त टोचते. 2016 मध्ये कोरियानं अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रं अडवणारी यंत्रणा बसवायचं ठरवलं, चीन भडकला, आणि तिथले कोरियन कॉन्सर्ट, मालिका बंद पडल्या. बंदी आहे असं चीननं कधी कबूलही केलं नाही. भांडण सरकारांचं, मार कलाकारांना. तेव्हा कंपन्यांनी मैत्री जरूर जमवावी पण सगळी भिस्त एकाच बाजारावर ठेवू नये.

आणि पाहुण्या कंपनीचा पैसा येतो तेव्हा हक्क कुणाकडे जातात तेही बघावं. 2023 मध्ये कोरियाचे राष्ट्राध्यक्ष अमेरिकेत असताना नेटफ्लिक्सनं चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर गुंतवायची घोषणा केली, देशाला आनंदच झाला. पण त्याआधी 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका जगभर गाजली तेव्हा हक्क नेटफ्लिक्सचे होते, दिग्दर्शकाला आधी ठरलं होतं तेवढेच पैसे मिळाले, हे त्यानं स्वतःच सांगितलंय. माझ्या मते हा अन्याय आहे, मग कागद कितीही कायदेशीर असो.

आपला आणि कोरियाचा 2015 पासून सहनिर्मितीचा करार आहे, दोघांनी मिळून केलेला सिनेमा दोन्हीकडे घरचाच धरतात. बीटीएसची कंपनी हाइब 2025 मध्ये मुंबईत आलीये. उद्या तिथं एखादा मराठी गायक सही करायला बसला तर दोन्ही बाजूंचं कळणारं माणूस लागेल, म्हणून लेकीला सांगा, कोरियन शिकतेयस तर जोडीला कॉपीराइटचा कायदाही वाच.