आधी ‘ठाणे’ची लांबी मोज

ऐरोलीत नोकरी लागली, छान झालं. पण लगेच आणखी एक नवी प्रोग्रामिंग भाषा शिकायच्या मागे लागू नकोस. आधी पायथन उघड आणि ‘ठाणे’ची लांबी विचार. डोळ्यांना अक्षरं दोन दिसतात, उत्तर येतं ४: ठ, काना, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात मजकूर साठवायच्या पद्धतीत, यातल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे एकूण १२.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या प्रोजेक्टमध्ये नावाच्या रकान्याला मी २० बाइटची मर्यादा घातली. इंग्रजी नावं बसली, तेवढ्यावर समाधान मानलं. छापील यादीत ‘ज्ञानेश्वर’चं ‘ज्ञाने’ झालं, पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. नाव ३० बाइटचं, मी ‘श’ मधोमध चिरला होता. कुणाचं नाव असं तुटलेलं बघून पोटात कालवलं.

केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ साली यूटीएफ-८ रचलं. कुठलाही बाइट उचल, आपण चिन्हाच्या सुरुवातीला आहोत की मध्येच, हे पहिल्या दोन बिटांवरून कळतं. किती सुंदर रचना आहे ही! तरी अनेक चिन्हांचं जोडाक्षर तुटू शकतंच, म्हणून मजकूर कापताना ग्राफीम क्लस्टर, म्हणजे डोळ्यांना एक दिसणारं अख्खं अक्षर, ओळखणारी लायब्ररी (तयार कोड) वापर. आणि टेस्टिंगला आजीचं नाव मराठीत टाक.