बुरशीवर बुरशीचंच औषध?

प्रश्न : दादांना आयसीयूत बुरशीचं इन्फेक्शन झालं तेव्हा सलाईनमधून मायकाफंगिन दिलं, डॉक्टर म्हणाले हे बुरशीपासूनच बनतं. खरंय का?
– द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : अगदी खरंय! कोलिओफोमा एम्पेट्री नावाची बुरशी एक रेणू बनवते, सहा अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला चिकटलेली चरबीची लांब शेपटी, पण ती शेपटी तशीच ठेवली तर आपल्या लाल पेशी फुटतात, म्हणून ती काढावीच लागते. केमिकलने जोर लावला तर कडंच मोडायचं, तिथे एसिलेज नावाचं एन्झाइम कामाला येतं, ते नेमका शेपटीचाच सांधा कापतं आणि कडं शाबूत राहतं. मला हे फार सुंदर वाटतं. तुम्ही द्राक्षाचं कलम करताना डॉगरिज जातीचा खुंट छाटून वर थॉमसन जातीची काडी भरता ना, तसंच, मग त्या कड्यावर नवी शेपटी केमिस्ट जोडतात. तयार औषध बुरशीच्या पेशीची ग्लुकनची (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांची) भिंत बनूच देत नाही, आपल्या पेशींना भिंतच नसते म्हणून आपल्याला त्रास कमी. जपानमध्ये 2002 साली याला मंजुरी मिळाली. आणि हो, पोटातून नीट शोषलं जात नाही म्हणून गोळी नाही, सलाईनच. दादांची तब्येत आता कशी आहे, नक्की कळवा.