वास नाही म्हणून मासा चांगला?

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते. दर रविवारी आमच्याकडे उजनीची चिलापी येते. पुण्याचं सांडपाणी धरणात येतं, म्हणून सासूबाईंचा हट्ट की नदीचा मासा बंद करा, समुद्राचा आणा. मागच्या महिन्यात बांगडा आणला. वास अजिबात नव्हता. कडकडीत तळून खाल्ला आणि अर्ध्या तासात जाऊबाईंचं तोंड लालबुंद झालं, अंगावर पित्त उठलं, डोकं ठणकायला लागलं. डॉक्टर ॲलर्जी म्हणाले. पण त्या लहानपणापासून बांगडा खातायत. आता नेमकं काय खावं?

उत्तर : ताई, आधी जाऊबाईंचं बघू. न तपासता मी निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते हिस्टामिनच्या विषबाधेशी फार जुळतं. बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मेलेला मासा उबेत राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यातले जंतू त्याचं हिस्टामिन करतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा आपलं शरीर जे द्रव्य सोडतं तेच हे, फक्त इथे ते ताटातून आलं. तळताना जंतू मरतात, हिस्टामिन तसंच राहतं. नंतर बर्फात ठेवूनही ते जात नाही. त्या दिवशी तोच बांगडा खाणाऱ्या आणखी कुणाला थोडंफार झालं होतं का, हे घरात विचारा आणि डॉक्टरांना सांगा. खात्री होईपर्यंत जाऊबाईंना बांगडा देऊन बघू नका. पुन्हा असं झालं आणि श्वास लागला, तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना गाठा.

आणि वासाचं म्हणाल, तर मासा नासवून घाण वास सोडणारे जंतू वेगळे, माणसाला आजारी पाडणारे बहुतेक वेगळे. नाकाला फक्त पहिल्यांचा पत्ता लागतो. कोकणातून निघालेल्या पेटीत वाटेत बर्फ किती वेळा भरला, हे वासावरून कळत नाही.

आता सासूबाईंची उजनी. सांडपाण्याबद्दल त्यांचं बरोबर आहे, मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीतच येतं. पण जिवंत माशाचं आतलं मांस जवळजवळ निर्जंतुक असतं. ई. कोलाय, साल्मोनेला हे सांडपाण्यातले आणि गोड्या पाण्यात एरवीही असणारा एरोमोनास, हे सगळे वरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि पोटात असतात. पोट नीट साफ केलेली चिलापी रटरटत्या कालवणात शिजली की ते उरत नाहीत. (पाण्यातली रसायनं उकळून जात नाहीत, तो विषय वेगळा, आणि त्याचा जाब पुण्याला विचारायला हवा, चिलापीला नव्हे.) चिलापीला कधीकधी मातकट वास येतो तो पाण्यातल्या शेवाळासारख्या जिवांमुळे. तो नासल्याचा वास नाही.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे बाजारात माझं लक्ष माशाआधी त्याच्या आजूबाजूला जातं. कापायचा लाकडी ठोकळा कसा आहे? शेजारच्या बादलीतलं पाणी सकाळपासून तेच आहे का? पोटाची घाण जिथे पडते तिथेच तुकडे होत असतील, तर धरणातून आलेल्या स्वच्छ मांसाला तिथे जंतू लागतात. मी मासा अख्खा घेते आणि घरी कापते. विक्रेते वैतागतात, वैतागू देत. बर्फही बघा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम राज्यात 2018 साली आला. माशाला लागणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा, निळा दिसला तर पुढच्या पाटीकडे जा.

मग उरतो घरापर्यंतचा रस्ता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि स्कूटरच्या डिकीत त्याहून जास्त. समुद्राच्या माशावर आढळणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जंतू अनुकूल उबेत साधारण दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चार हजार. डब्यात बर्फ घालून न्या, मासे सगळ्यात शेवटी घ्या, वाटेत कुणाकडे चहाला थांबू नका.

सगळ्यात जास्त धोका मला वाटतो तो कांद्याचा. कालवण उकळलेलं असतं, भाकरी तव्यावरून येते, पण माशाचे हात नुसते पाण्याखाली धरून त्याच हातांनी कांदा बुक्कीनं फोडला जातो. तो कच्चाच पोटात जातो. मासे खाऊन पोट बिघडलं असं घरात म्हणतात तेव्हा मी आधी कांदा कुणी फोडला ते विचारते. साबणानं हात धुवा, काकडी-कांद्याची विळी वेगळी ठेवा आणि कच्चा मासा नळाखाली जोरात धुवू नका, शिंतोडे ओट्यावरच्या भांड्यांवर उडतात. लिंबू, हळद, मीठ चवीला जरूर लावा, त्यांनी जंतू मरतील या भरवशावर मात्र राहू नका.

तेव्हा चिलापी चालू ठेवा. बांगडा आणायचाच तर थंडीत, बर्फात पुरलेला, आणि आणला त्याच दिवशी शिजवा.

प्रश्न : फ्रीजरमध्ये सुरमई होती, रात्रभर लाइट गेली. टाकावी का? (बार्शी)

उत्तर : गोठवल्यानं बरेचसे जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. दार उघडलं नसेल तर गच्च भरलेला फ्रीजर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. तुकडे अजून दगडासारखे असतील किंवा त्यांवर बर्फाचे कण दिसत असतील तर चालतील. मऊ पण फ्रीजच्या पाण्याइतके गार असतील तर त्याच दिवशी शिजवा. हाताला कोमट लागले तर टाकून द्या, सुरमई बांगड्याच्याच जातकुळीतली आहे. आणि पिशवीतून ओघळलेलं पाणी खालच्या कप्प्यातल्या दह्यात गेलं असेल, तर ते दहीही टाका.