फॅक्टोरियलच्या पोटात बारा किती वेळा?

जीमॅट आणि कॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत फॅक्टोरियलबद्दल एकच गोंधळ इतक्या वेळा येतो आहे, की सुट्या उत्तरांऐवजी या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. (फॅक्टोरियल म्हणजे 1 पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार; तो ‘!’ या चिन्हाने दाखवतात, जसे 4! = 1 × 2 × 3 × 4 = 24.)

प्रश्न: 25! च्या शेवटी पाच शून्ये येतात की सहा? (कोथरूड)

सहा. प्रत्येक शून्य 2 × 5 मधून येते; 5, 10, 15 आणि 20 मधून एकेक पाच मिळतो आणि 25 मध्ये पाच हा अवयव दोनदा आहे.

प्रश्न: 1, 3, 9, 33, 153 या मालिकेतील पुढची संख्या कोणती? मी तीनने गुणत गेलो आणि 33 पाशी अडलो. (निगडी)

पहिल्या तीन पदांवरून नियम ठरवला की असेच होते. लगतच्या पदांतील फरक मांडा: 2, 6, 24, 120. हे 2!, 3!, 4! आणि 5! आहेत, म्हणून पुढचा फरक 720 आणि पुढचे पद 873.

प्रश्न: 30! ला 12 च्या जास्तीत जास्त कितव्या घाताने भाग जातो? एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे ‘सर्वांत मोठा मूळ अवयव घ्या’ या युक्तीने माझे उत्तर 14 आले, पण उत्तरतालिकेत 13 आहे. तालिका चुकली आहे का? (हडपसर)

तालिका बरोबर आहे, युक्ती चुकीची आहे. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीच्या कच्च्या कामाच्या कागदावर हेच 14 दोनदा गोल करून ठेवलेले होते, कारण तिने पडताळा घेतला तोही त्याच युक्तीने.

ही युक्ती 10 साठी चालते, कारण 10 = 2 × 5 आणि फॅक्टोरियलमध्ये पाच हा अवयव दोनपेक्षा नेहमीच कमी वेळा येतो; म्हणून 100! च्या शेवटची शून्ये मोजताना 100 ला पाचने पुन्हा पुन्हा भागून 20 + 4 = 24 एवढेच करून भागते. परंतु 12 = 2 × 2 × 3, म्हणजे प्रत्येक बारासाठी एकदा तीन आणि दोनदा दोन खर्ची पडतात. लेजांद्र या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार 30 ला तीनने पुन्हा पुन्हा भागून बाकी सोडून दिली, तर 10, 3, 1 मिळून 14 तीन हाती येतात. तसेच दोनने भागल्यास 15, 7, 3, 1 मिळून 26 दोन मिळतात, पण त्यांच्या जोड्या 13 च होतात. जे आधी संपते ते उत्तर ठरवते आणि येथे आधी संपतात त्या दोनच्या जोड्या. व्हिडिओ करणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे नाही. मात्र ‘तीस सेकंदांत उत्तर’ या मथळ्यात मूळ अवयव पाडायला जागा उरत नाही. तुमच्या वहीतील अशी इतर उदाहरणेही याच युक्तीने सुटलेली असणार, तेव्हा ती शिक्षकांकडून एकदा तपासून घ्या.

प्रश्न: 20! + 17 ला 15, 17 आणि 19 यांपैकी कोणत्या संख्येने भाग जातो? जीमॅटच्या क्वांट म्हणजे गणिताच्या विभागात कॅल्क्युलेटर मिळत नाही. (सिंहगड रस्ता)

फक्त 17 ने. 20! ला तिन्ही संख्यांनी भाग जातो, त्यामुळे उरलेल्या 17 ला कोणाने भाग जातो एवढेच पाहायचे. कॅल्क्युलेटरची गरज नाही.

प्रश्न: 1! + 2! + … + 100! ला 12 ने भागल्यास बाकी किती? (औंध)

9. 4! पासून पुढच्या प्रत्येक पदाला 12 ने भाग जातो. शिल्लक राहते ते 1 + 2 + 6.

प्रश्न: परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे. ‘शॉर्टकट’ शिकवणारा आठ दिवसांचा वर्ग लावावा का? (कर्वेनगर)

हा प्रश्न तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. आता तुम्ही कोठे चुकता हे पाहिल्याशिवाय येथून हो किंवा नाही सांगणे योग्य होणार नाही. सराव परीक्षांतील चुकलेली उदाहरणे, कच्च्या कामासकट, आधी तुमच्या नेहमीच्या शिक्षकांना दाखवा. तरीही तो वर्ग पाहायचाच असेल, तर फी भरण्यापूर्वी तेथे 30! आणि 12 चा प्रश्न विचारा, आणि उत्तर 14 आले तर पैसे खिशातच ठेवून परत या.