फ्लोरिडात भाड्याच्या जागेवर घर घेताना

मोबाइल होमच्या, म्हणजे कारखान्यात बनवून पार्कमधल्या भाड्याच्या जागेवर आणून बसवलेल्या घराच्या, किमतीवर भाळू नका. घर तुमचं, जमीन पार्कच्या मालकाची. जागाभाडं शेवटपर्यंत सुटत नाही. खरी गोम तिथेच. सही करण्याआधी प्रॉस्पेक्टस, म्हणजे पार्कच्या अटी-नियमांचा लेखी दस्तऐवज, मागा. राज्याच्या कायद्याचं प्रकरण ७२३ सांगतं, की २६ किंवा जास्त जागांच्या पार्कमध्ये तो द्यावाच लागतो. भाडं कशावरून वाढतं, पाणी-कचऱ्याचा खर्च कोणावर, हे त्यात ओळ न् ओळ वाचा. भाडेवाढीची लेखी नोटीस ९० दिवस आधी यायला हवी.

मग स्कर्टिंगचा, म्हणजे घराखालची मोकळी जागा झाकणाऱ्या पडद्यासारख्या पत्र्यांचा, एक भाग काढायला लावून टॉर्चने घराखाली बघा. जमिनीत रोवलेल्या अँकरला बांधलेले पोलादी पट्टे सैल किंवा गंजलेले असतील, तर वादळात घर जागेवरून सरकू शकतं. बाहेरच्या भिंतीवर धातूची लाल पट्टी शोधा; घर केंद्र सरकारच्या बांधकाम-मानकांप्रमाणे बांधल्याची ती खूण. १५ जून १९७६ आधी बांधलेल्या घराला ती नसते; असं घर स्वस्तात मिळालं तरी सोडाच. आणि हो, पार्कच्या नियमांप्रमाणे नातवंडं किती दिवस मुक्कामाला राहू शकतात, तेही आधीच विचारून घ्या.